अक्काच्या नावाचं रक्त

माझं रक्त एक नंबर आहे, असं मी माझ्याच तोंडानं म्हणाले होते. मला कुणी भरीस घातलं नव्हतं. आईनं नाही, अक्कानं तर नाहीच. त्यामुळे पुढं जे झालं त्याचा दोष दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय मला उरलेली नाही, आणि ती उरली नाही याचा मला अजूनही राग येतो.

अक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. सास्तूरला आमचं कापडाचं लहानसं दुकान आहे. वडील दिवसभर तिथं, आणि घरी आई, अक्का आणि मी. अक्का लातूरला बी.एड. शिकायला होती तेव्हा तिचे केस पुंजक्यानं हातात यायला लागले, चेहरा सुजल्यासारखा दिसू लागला, वर्गात बसल्या बसल्या डोळे मिटू लागले. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि थायरॉइड निघाला. अंगाची राखण करणारी शक्तीच गळ्यातल्या ग्रंथीवर उलटते, त्या प्रकारचा. तशा अँटीबॉडी तिच्या रक्तात सापडल्या होत्या. डॉक्टरांनी त्या आकड्याखाली पेनानं रेघ मारली आणि सांगितलं की हे आता जन्माचं आहे, रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घ्यायची, बाकी काही नाही.

त्यातलं ‘बाकी काही नाही’ आईला ऐकूच आलं नाही. ‘जन्माचं’ तेवढं ऐकू आलं.

घरी आल्यावर तिनं गोळ्यांच्या बाटलीवरचं लेबल नखानं खरवडून काढलं. त्या गोळीला घरात व्हिटॅमिन म्हणायचं ठरलं. वडीलसुद्धा सकाळी दुकानाला निघताना ‘व्हिटॅमिन घेतलीस का’ असं विचारायचे. बाटली लातूरहून यायची, लोहाऱ्याहून नाही, कारण लोहाऱ्याच्या मेडिकलवाल्याची बायको आमच्या भावकीतली. सुरुवातीला एकदा रक्त पुन्हा तपासलं, गोळी लागू पडतेय असं कळलं, आणि त्यानंतर आईनं अक्काला लॅबच्या दारात उभंसुद्धा केलं नाही. बाकड्यावर बसलेलं कुणी बघितलं तर काय सांगायचं, एवढंच तिचं म्हणणं. मावशीशी या विषयावर फोनवर बोलायचं झालं की ती कानडीत शिरायची. आम्हा दोघींना कानडी नीट कळतं हे तिला ठाऊक होतं, पण लपवायचं बोलणं कानडीतच करायचं ही तिची सवय.

मग ढोकीचं स्थळ आलं. मुलाचं कृषी सेवा केंद्र होतं. बघायला आला तेव्हा त्यानं अक्काला स्वयंपाकाचं वगैरे काही विचारलं नाही. तिला शिकवायला कुठला विषय आवडतो ते विचारलं, आणि ती उत्तर देत होती तेवढा वेळ हातातला चहा तसाच धरून ऐकत बसला. पाहुणे गेल्यावर अक्का स्वयंपाकघरात येऊन भिंतीला टेकली आणि एकटीच हसली. एरवी मी असल्या गोष्टींची टर उडवते, पण त्या दिवशी माझं तोंड उघडलं नाही. नंतरचे आठ-दहा दिवस रोज दुपारी त्यांचा फोन चालायचा. ती माडीच्या जिन्यात जाऊन बोलायची आणि खाली आली की उगाचच माझ्या वाटणीची भांडी घासून टाकायची.

मुलाची आत्या त्यांच्यातच राहायची. सरकारी दवाखान्यात नर्स होती, आता निवृत्त. त्या घरात शेवटचा शब्द तिचा. तिनं सांगितलं की लग्नाची यादी करायच्या आधी मुलाची आणि मुलीची, दोघांची रक्ततपासणी व्हावी. नुसतं सांगून थांबली नाही, मुलाचा रिपोर्ट आधी पाठवून दिला. त्यात त्याची साखर काठावर आली होती. आत्यानं त्या ओळीशेजारी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं की गोड कमी केलंय, तीन महिन्यांनी परत बघणार आहोत.

आईला हसू आवरेना. आपल्याच पोराची खोट कुणी लिहून पाठवतं का, असं ती मावशीला कानडीत सांगत होती. मग तिनं आमच्यासाठी आलेली तपासण्यांची यादी माझ्याकडून वाचून घेतली आणि तिचं हसू गेलं. यादीत थायरॉइडच्या दोन ओळी होत्या. एक टीएसएच, ती गोळीनं सुधारते हे आम्हाला ठाऊक होतं. दुसरी अँटी-टीपीओ. ज्या आकड्याखाली लातूरच्या डॉक्टरांनी रेघ मारली होती, तोच.

दोन दिवस अक्का जिन्यात जायची, पण फोन नुसता हातात धरून बसायची. तिसऱ्या दिवशी मी आईला म्हणाले, “माझं रक्त द्या की. माझं एक नंबर आहे.”

आणि ते मला खरंच वाटत होतं. मी कधी आजारी पडत नसे. आडव्या बांध्याची, खाऊन-पिऊन सुखी, दुपारी पडले की दिवेलागणीलाच उठणारी. वर्षभरात अंग बरंच सुटलं होतं. ते बसून खाण्याचं आहे असं सगळे म्हणायचे आणि मीही त्यांच्याबरोबर हसायचे. पंख्यावरून माझं आणि अक्काचं रोज वाजायचं. चैत्राच्या उन्हात तिला पंखा लागायचा आणि मी अंगावर चादर ओढायची. मला थंडी वाजते ही घरातली ठरलेली गंमत होती. वडील म्हणायचे, हिला सासर कुठलंही बघा, फक्त स्वेटर द्यायला विसरू नका.

अक्का ‘नको’ म्हणाली, पण एकदाच, आणि हळू. मी तिला गप्प केलं. एक चमचाभर रक्तानं माझं काय जाणार आहे, असं मी म्हणाले. वडिलांना यातलं काही सांगायचं नाही असं आमचं तिघींचं ठरलं.

लोहाऱ्याला ओळखीचे फार, म्हणून आई आणि मी उमरग्याला गेलो. अक्काचा पंजाबी ड्रेस मी घातला होता, तो मला काखेत काचत होता. लॅब म्हणजे दोन खोल्या आणि बाहेर एक बाकडं. लॅबवाले पन्नाशीचे, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी नाव विचारलं, मी अक्काचं सांगितलं. वय विचारलं, अक्काचं सांगितलं. आईनं तिच्या नंबराबरोबर आत्याचाही मोबाईल नंबर चिठ्ठीवरून लिहून दिला, कारण रिपोर्ट दोन्ही घरी एकदमच जावा असं आत्याचं म्हणणं होतं. मग त्यांनी विचारलं, काही गोळ्या चालू आहेत का. आई छातीठोकपणे नाही म्हणाली. त्या दिवशी आम्ही सांगितलेली तेवढीच एक गोष्ट खरी होती.

दंडाला रबर बांधताना त्यांचं लक्ष माझ्या गळ्याकडं गेलं. गळा कधी डॉक्टरांना दाखवलाय का, असं त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं. आईनं मला बोलूच दिलं नाही. तिची ठेवणच तशी आहे, आमच्याकडं सगळ्याच भरल्या गळ्याच्या, असं ती म्हणाली. त्यांनी सुई टोचली. नळीत रक्त भरताना मी मान वळवली नाही, बघत राहिले. लाल, दाट, चांगलं दिसत होतं. मनात म्हणाले, घे अक्का, तुझं लग्न जमलं. थायरॉइडच्या तपासण्या सोलापूरला जातात, रिपोर्ट उद्या संध्याकाळी मोबाईलवर येईल, असं त्यांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई देवापाशी बसली होती, मी पोहे परतत होते आणि तिचा फोन ओट्यावरच होता. आवाज आला, मी ओल्या हातानंच उघडला. वर अक्काचं नाव, अक्काचं वय. हिमोग्लोबिन कमी. त्याचं काही वाटलं नाही. खालच्या ओळी ठळक अक्षरात होत्या. टीएसएच पाचच्या आत असायला हवं, ते शंभराच्या वर गेलं होतं. अँटी-टीपीओपुढं आकडाच नव्हता. यंत्राला मोजता येतं त्याच्या पलीकडं, अशी खूण होती.

पोहे करपले. मला वास येत होता आणि गॅस बंद करायला हात जाईना.

माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की लॅबनं गोंधळ केला, दुसऱ्या कुणाचं रक्त अक्काच्या नावावर घातलं. आणि मग लक्षात आलं की दुसऱ्या कुणाचं रक्त अक्काच्या नावावर आम्हीच घातलंय. ते कुणाचं, हेही मला चांगलं ठाऊक होतं. मी तिथंच फरशीवर बसले. इतका हादरा मला त्याआधी कधी बसला नव्हता. बावीस वर्षं ज्या अंगात मी राहत होते त्यानं मला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं होतं, आणि आम्ही सगळे हसलो होतो.

तेवढ्यात लॅबवाल्यांचाच फोन आला. त्यांना अक्काशी बोलायचं होतं. मी अक्का होऊन बोलले. दम लागतो का, झोप फार येते का, थंडी वाजते का, असं ते एकेक विचारत गेले आणि मी प्रत्येकाला हो म्हणत गेले. सोलापूरला नमुना दोनदा लावून बघितलाय, चूक नाही, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, “मी डॉक्टर न्हाय बाई, पण असला आकडा घेऊन घरात बसू नका. उद्याच्या उद्या दाखवा.”

आई देवघरातून आली. मी तिला वाचून दाखवलं. तिनं रिपोर्टबद्दल काही विचारलं नाही, आत्याला गेलाय का तेवढं विचारलं. गेला होता.

अक्का माडीवरून खाली आली, माझ्या हातातून फोन घेतला आणि रिपोर्ट खालपर्यंत वाचला. तिला ते आकडे माझ्याहून चांगले वाचता येत होते. मला वाटलं आता ती लग्नासाठी रडेल. तिनं फोन ओट्यावर ठेवला, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, “किती गार आहेत गं. कधीपासनं असं हाय?” आणि मग रडली. मला तिचा इतका राग आला, की सांगता येत नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आईचं डोकं तोवर पुढं पळत होतं. पाहुण्यांना सांगायचं की लॅब चुकली. पुन्हा तपासणी करायची, आणि या वेळी चुलत बहिणीला न्यायचं, ती काटक आहे. मी तोंडाला येईल ते बोलले. आता गावभर रक्त मागत फिरू या का, असंही म्हणाले. आई म्हणाली की दोन दोन पोरी घरात राहिल्या तर मी काय करू ते सांग. ती वाईट बाई नाही. ती आयुष्यभर पोरींचं झाकायलाच शिकली होती, आणि त्या क्षणी तिला दुसरं काही सुचत नव्हतं. पण आत्ताच कळलेल्या माझ्या आजारावर ती एक शब्द बोलली नव्हती, हे मी विसरले नाही.

अक्का जिन्यात गेली. तिनं मुलाला नाही, आत्याला फोन लावला. मी दारात उभी होते. तिनं फक्त एवढंच सांगितलं, “आत्या, तो रिपोर्ट माझा न्हाय, माझ्या धाकट्या बहिणीचा हाय. मला तीन वर्षांपासनं थायरॉइड हाय, गोळी चालू हाय. आमी रक्त बदललं.” पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. अक्का म्हणाली, उद्या येते म्हणाल्या.

वडिलांना रात्री ताटावर बसल्यावर सांगितलं. ते ताटावरून उठले नाहीत, पण जेवलेही नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिल्यांदाच कामाच्या दिवशी दुकान बंद ठेवलं.

आत्या एकटीच आली. पांढरी सुती साडी, घड्याळ उजव्या हातात. वडील हात जोडून उभे राहिले. तिनं त्यांना बसा म्हटलं आणि मला समोर बोलावलं. मागं उभी राहून तिनं दोन्ही हातांची बोटं माझ्या गळ्यावर ठेवली आणि पाणी गिळायला सांगितलं. एकदा, दोनदा. मग अक्काला म्हणाली, तुझी गोळी दाखव. अक्कानं बाटली आणून दिली. आत्यानं ती फिरवून फिरवून बघितली आणि लेबल कुणी काढलं असं विचारलं. आईनं पदर तोंडाशी धरला. गोळीची मुदत लेबलावरच असते, मुदत संपलेली गोळी पोरगी वर्षभर गिळत राहिली असती तर कुणाला कळलं असतं, असं आत्या म्हणाली. ती ओरडून बोलत नव्हती. दवाखान्यात बोलावं तसं बोलत होती.

तिनं चहा घेतला. निघताना मला डॉक्टरांचं नाव लिहून दिलं आणि अक्कालाही म्हणाली की तुझंही रक्त एकदा नीट तपासून घे, दोन-अडीच वर्षं कुणी बघितलेलं नाही. बाकी लग्नाचा विषय तिनं काढला नाही. पण आम्ही सगळ्यांनी त्या एका वाक्याला धरून ठेवलं. रक्त तपास म्हणाली, म्हणजे अजून दार लावलेलं नाही, असं आईनं मावशीला फोनवर सांगितलं. या वेळी मराठीत.

आम्ही दोघी बहिणी उमरग्याला गेलो. लॅबवाल्यांनी मला ओळखलं. मी माझं खरं नाव सांगितलं, अक्कानं तिचं, आणि तिची गोळी चालू आहे हेही. त्यांचा हात लिहिता लिहिता थांबला. त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, आमच्याकडं आळीपाळीनं बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. नंतर ते चिडले, आणि बरोबरच चिडले. तो कागद घेऊन कुणी डॉक्टरांकडं गेलं असतं तर बरी असलेल्या पोरीची गोळी चौपट झाली असती, आणि आजारी पोरगी निरोगी म्हणून फिरत राहिली असती, हे त्यांनी आम्हाला उभं करून सांगितलं. रक्त घ्यायच्या आधी दोन्ही नळ्यांवर नावं चिकटवली आणि ती आमच्याकडून मोठ्यानं वाचून घेतली.

रिपोर्ट आले. माझा तसाच. अक्काचं टीएसएच तीनच्याही खाली, अगदी जागेवर. अँटीबॉडी होत्या, पण त्या राहणारच, गोळीनं त्या जात नाहीत, असं आता मला कळलं होतं. बाकी हिमोग्लोबिन, साखर, सगळं उत्तम. हेच रक्त आम्ही लपवलं होतं. आयुष्यात इतका चांगला कागद अक्काच्या नावावर कधी आला नसेल.

अक्का वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर गेली होती. मी तिला न विचारता तो रिपोर्ट आत्याला पाठवला. खाली लिहिलं की हा खरा आहे, या वेळी दोघींची नावं वाचून रक्त घेतलंय. पाच मिनिटांत आत्याचा फोन आला. आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला आशा वाटली. आधी तिनं माझी गोळी सुरू झाली का ते विचारलं. तिनं लिहून दिलेल्या डॉक्टरांनी ती सुरू केली होती.

“बाळ, मला सोताला पंचवीस वर्षांपासनं हाच आजार हाय,” ती म्हणाली. “म्हणून ती ओळ मीच घातली होती यादीत. पोरीला असंल तर पोटुशी राहायच्या आधी डोस नीट करून घेऊ म्हणून. कागद चांगला हाय. हाच पहिल्या दिवशी आला असता तर आज आपण साड्या बघत बसलो असतो. आता आला तर हा तरी कुणाच्या रक्ताचा, असं आमच्या घरात विचारलं. पोरानंच विचारलं. मी काय सांगू त्याला?”

शपथ घ्यावीशी वाटली, पण शपथ कशाची घ्यायची. तिनं गोळी सकाळी उठल्या उठल्या घे, चहा तासाभरानं घे, असं बजावलं आणि फोन ठेवला.

अक्का कपड्यांचा ढीग छातीशी धरून जिन्यातून खाली आली. ज्या पायरीवर बसून ती त्याच्याशी बोलायची तिथंच थांबली. माझ्या हातात फोन होता.

“आत्या होत्या का?”

“हो.”

“माझा रिपोर्ट बघितला त्यांनी?”

“बघितला.”

“मग?”

“चांगला आहे म्हणाल्या,” मी सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं. अक्का तिथंच पायरीवर बसली आणि एकेक कपडा घडी करून मांडीवर ठेवत राहिली. मी उमरग्याला घातलेला तिचा तो पंजाबी ड्रेस आला तेव्हा तिनं त्याच्या बाहीची उसवलेली शिवण बघितली, आणि सुई-दोरा आण म्हणाली.